पंचफुलाकाकूचा गंज

आमच्या शेजारच्या पंचफुलाकाकूले वाटीभर साखर मागा, ते गंजात देते, झाकनाच्या उभ्या भांड्यात. दोन मिरच्या मागा, गंजातच. एकदा मी सुई मागाले गेली तं सुईबी गंजात टाकून देल्ली, वरून झाकन. म्हने, "हरपन." अन तो गंज रिकामा परत नेला तं दारातूनच वापस. "रिकामा गंज मी घरात घेत नाई. काईतरी टाकून आन." मंग मानूस घरी येते, मूठभर मुरमुरे टाकते, पुन्हा जाते, मंग काकू म्हनते बस, मंग चहा होते. हिंगनघाटातल्या आमच्या गल्लीत असं एक घर नाई जिथं तिचा गंज पडून नाई.

काका जाऊन लय वर्षं झाले, लेकरू नाई. पन कोनी कीव केली का खपत नाई तिले. "एकटी कुठं? एवढे गंज हायेत माह्ये."

मी मुळची भित्री. सातवीत शाळा सुटली, इंग्रजी अक्षर दिसलं का पान पलटून टाकाची सवय. माह्या आरूच्या शाळेत आयांचा मेळावा होता, मॅडमनं मोबाईलवर इंग्रजीत लांबलचक लिस्ट टाकली, सगळ्या बाया खाली अंगठा देऊन राह्यल्या होत्या, मले वाटलं हजेरी असन, मीबी देल्ला. संध्याकाळी मॅडमचा मराठीत मेसेज, थँक्यू आरूची मम्मी, पास्ता सॅलड तुमच्याकडं, थंडच आना. आता नाई कसं म्हनाचं? नाई म्हटलं तं आरूच्या आईले इंग्रजी वाचता येत नाई हे साऱ्या शाळेले समजन, अन पोट्टी पहिलीतच हाय अजून. मेळाव्याच्या दिवशी सकाळी आरूच्या बाबायनं दुकानातून पास्त्याची पुडी आनून देल्ली अन जिनिंगवर ड्युटीले निघून गेले. मी पुडी अन आरूले घेऊन काकूकडं पळाली.

काकूनं पुडी फोडली, एक हातावर घेतला, बोटात घालून पाह्यला.

"हे तं पोंगे हायेत. रडते काऊन मंग?"

"काकू, हे उकडतेत म्हने."

"पोंगे कोनी उकडते का, येडी. तेल ठेव."

मूठभर तेलात सोडले. आमी दोघीबी कढईवर वाकून. फुलेचनात. लाल झाले, काळे झाले, फुगाचं नावच नाई. काकूनं झाऱ्यानं दाबून पाह्यलं. "जुना माल हाय. फसवलं दुकानदारानं."

"पुडीवर गंजाचं चित्र हाय पाहा काकू, अन त्यात पानी."

काकूनं चष्मा लावला. "गंज हाय खरा," म्हने. गंज दिसला तवा कुठं तिचा इश्वास बसला.

मंग गिरडच्या उरुसातून आनलेला मोठा गंज काढला, पानी उकळलं, मीठ टाकलं. शिजलं का पाहाले काकू एक खाये, "अजून एक पाहू दे" म्हने, चांगले ओंजळभर तं तिनंच पाह्यले. थंड पान्यानं धुतले. काकडी, टमाटर, कांदा, फडक्यात टांगलेलं घट्ट दही, मिरपूड, निंबू. वरून हिरव्यागार सांभाराची जुडी चिरून. मी म्हटलं झालं.

"फोडनी?"

"नाई काकू, मॅडमनं थंड सांगतलं."

"फोडनी नाई तं हे बिमार मानसाचं जेवन झालं." मी आरूची वेनी घालाले वळली, तेवढ्यात मागं चर्रर्र आवाज आला. मोहरी, कढीपत्ता. "थंड होईन ते शाळेत जावूस्तर. घाबरते काऊन, मॅडम काय जेलात टाकन?"

शाळेत सगळ्यायचे काचेचे भांडे, नाजूक. मधोमध आमचा गंज, त्याच्यावर ठळक कोरलेलं पंचफुलाबाई. मी खांबाच्या मागं. मॅडमनं एक चमचा घेतला अन थांबली. मले वाटलं झालं, समजलं हिले.

"आरूची मम्मी, यात काय टाकलं?"

"फोडनी," मी खांबाआडूनच म्हटलं.

मॅडमनं आनखी दोन चमचे वाढून घेतले. मंग बाया तुटून पडल्या. आरू ज्याच्या त्याच्यापाशी जाऊन सांगे, माह्या आईनं केलं. गंजाचा तळ दिसाले लागला अन मले आठवलं, रिकामा कसा नेऊ? शेवटचे दोन चमचे मी धावत जाऊन आरूच्या डब्यात काढले. बाया हासल्या. हासू दे.

संध्याकाळी ते दोन चमचे गंजात टाकून नेले. काकूचं दार उघडंच होतं. ओट्यावर दोन कप आधीच मांडून ठेवले होते, मी येईन असं काई सांगतलं नव्हतं मी.

काकूनं खाऊन पाह्यलं. "पोंगे बरे झाले," म्हने.

माह्यात त्या दिवशी कुठून हिंमत आली का जाने. इचारलं, "काकू, त्या दिवशी सुई गंजात काऊन देल्ली? कागदात देल्ली असती तं."

काकू पदरानं गंज पुसत राह्यली. मंग म्हने, "कागद कोनी परत आनून देते का?"

चहा पेली, उठली. दारात आली तवा काकू म्हने, "झाकन कुठं हाय याचं?"

झाकन माह्या पिशवीतच होतं. मी पिशवी बगलेत दाबली.

"घरीच राह्यलं काकू. उद्या आनून देतो."

काकूनं पिशवीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं.

"आन," म्हने. "पन रिकामं आनू नको. झाकनावर ठेवून काईतरी आनजो."