कोंबडीचा डाग

लग्नाच्या पंगतीत कुणाच्या सदऱ्यावर सांबार सांडलं की आमचा माधवमामा स्वतःचं पान सोडून उठायचा. "घासूं नको! टिप!" असं ओरडत तो त्या अनोळखी माणसाच्या पोटावर तांदळाचं पीठ थापायचा. पिठाची पुडी त्याच्या खिशात कायम असे. त्यामुळं कुंभकोणमात आम्हाला आमंत्रणं जरा बेतानंच येत. आली तर मामाशेजारी मला बसवत, कारण घरात सगळ्यात जास्त सांडणारा मीच होतो.

हे वेड गाडीनं लावलं. ऐंशीच्या दशकात मामा हेडमास्तरकीतून निवृत्त झाला आणि चहामळ्यातल्या एका साहेबाची जुनी अॅम्बॅसडर घेऊन आला. आत अस्सल चामड्याच्या सीटा. गाडी घेतली ती मामीसाठी. तिचे गुडघे धरले होते, बसची पायरी चढवत नव्हती आणि रिक्षात बसायला ती भ्यायची. त्यामुळं साक्कोट्टैला थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं, तिचं जाणंच बंद पडलं होतं. साक्कोट्टै म्हणजे कुंभकोणम संपलं की आलंच, पण मामीला ते काशीइतकं लांब झालं होतं.

मामीनं गाडीला प्रदक्षिणा घातली, मागचं दार उघडलं आणि डाव्या सीटवरचा ताटलीएवढा तेलकट डाग वाकून हुंगला.

"ह्यांत कोंबडी आहे," ती म्हणाली. "मी बसत नाहीं."

"उजवीकडे बस कीं."

"कोंबडी एकाच बाजूला राहते होय?"

आम्ही तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्पिढ्या इकडंच. आमची घरातली बोली ऐकून पुण्याचे पाहुणे कीर्तनाला बसल्यासारखे माना डोलावतात. त्यात वैष्णव. चामडं एक वेळ चाललं असतं, चपला घालतोच. पण कोंबडीपुढं मामाचा इलाज चालेना.

मग त्यानं डागाशी वैर धरलं. तांदळाचं पीठ टाकलं, तर मुंग्यांनी सीटच ताब्यात घेतली. बेसन टाकलं, तर गाडीला भज्यांचा वास सुटला. टाल्कम पावडर टाकली तेव्हा गल्लीतल्या बायका मामाकडं संशयानं पाहू लागल्या. डाग फिकट व्हायचा, उन्हात गाडी तापली की पुन्हा वर यायचा. मामाचा धीर सुटत नव्हता. "घासलें तर आंत जातें. टिपावें, जिरूं द्यावें, सकाळीं बघावें." ऑफिसात साहेबानं मला सगळ्यांदेखत झापलं, तेव्हाही त्यानं मला हाच उपाय सांगितला. मला तो लागू पडला नाही, कारण मी साहेबाशी घासायला गेलो आणि माझी त्रिचीला बदली झाली.

गाडीत दाणासुद्धा खायला बंदी होती. मागच्या डाव्या जागेवर तर सामानही ठेवू देत नसे. डिकीत मात्र एक बुटका लाकडी पाट कायम पडलेला असायचा. "हा कशाला?" विचारलं तर म्हणायचा, "असूं दे. तुज काय?"

त्रिचीला निघायच्या दिवशी मामा मला बसस्टँडवर सोडणार होता. मामीनं वाटेसाठी पोडी-इडल्या दिल्या, मिरचीची पूड आणि तिळाचं तेल चोपडून केळीच्या पानात बांधलेल्या. पुढच्या सीटवर माझी वळकटी होती. मामा पूजेत होता. मी मागं, नेमका डावीकडं बसलो, आणि एकच इडली खाऊ म्हणून पुडकं सोडलं. एवढी अक्कल मला पदवीनंतर आली होती. तेल पानातून ओघळलं आणि थेट मळेवाल्या साहेबाच्या कोंबडीवर जाऊन बसलं.

मी ओरडलो असणार. मामा अर्धवट गंध लावलेल्या कपाळानं धावत आला. पीठ संपलं होतं. तो आत पळाला आणि परत आला तो देवघरातला गोपीचंदनाच्या मातीचा खडा नारळाच्या किसणीवर किसतच. पिवळसर भुकटीचा ढीग डागावर ओतून तो म्हणाला, "टिप!" आणि मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. देवाचं गोपीचंदन, तेही चामड्यावर, तेही कोंबडीवर. तो मटकन पायरीवर बसला. माझी बस गेली.

संध्याकाळी त्यानं भुकटी हलक्या हातानं झाडली. माझं तेल गेलं होतं. साहेबाचा डाग मात्र गोपीचंदनाचा टिळा लावून तिथंच होता. मामी मागं येऊन उभी होती. मामा मान वर करेना.

मामीनं वाकून हुंगलं. बराच वेळ हुंगलं.

"देवाचें लागलें," ती म्हणाली. "आतां कोंबडी कसली? माझ्या इडलीचा वास येतोय. अक्काकडे चला."

मामा उठला तो थेट डिकीकडं. त्यानं पाट काढला, मागच्या दाराशी मांडला, हातानं दाबून तो डुगडुगत नाही ना ते पाहिलं आणि मामीपुढं कोपर धरलं. ती पाटावर पाय ठेवून सहज आत गेली. इतकी वर्षं तो पाट मला दिसत होता आणि मी त्याला अडगळ समजत होतो. माझा मामा सीटवर नव्हे, मामीवर जीव टाकत होता.

साक्कोट्टैचा रस्ता लागला तशी मामी पदरानं डोळे खसाखसा पुसायला लागली. मी पुढं वळकटी मांडीवर घेऊन बसलो होतो. मामानं आरशात पाहिलं आणि गाडी आणखी हळू केली.

"घासूं नको गे," तो म्हणाला. "टिप."