ठिपक्यापर्यंत चहा

पाच पियाले, एक चहादाणी, दोन पाहुणे, आई, बाबा, ताई. आणि प्रत्येक पियाल्याच्या आत, बरोबर चाळीस मिलीलीटरवर, माझ्या नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका. एवढ्या शास्त्रशुद्ध तयारीनं आमच्या मर्गिलान शहरात आजवर कुणी मुलगी दाखवली नसेल!

माझ्या रसायनशास्त्राच्या पदवीचा घरात झालेला हा पहिला उपयोग. हुल्कारताईचा चहा ओतताना हात थरथरतो. मागच्या स्थळाच्या वेळी घाबरून तिनं मुलाच्या वडिलांचा पियाला काठोकाठ भरला. आमच्याकडे पाहुण्याला भरलेला पियाला म्हणजे 'प्या आणि निघा'. ते प्यायले आणि निघाले. पुन्हा आलेच नाहीत. या खेपेला मी तिला बजावलं, "डोकं चालवू नकोस. ठिपका बुडाला की थांब."

ताई थांबत होती. कोकंदहून आलेले मुलाचे आईवडील, मुकर्रममावशी आणि तुर्सुनअलीकाका, खूश झाले. इतका थोडा चहा म्हणजे केवढा मान! पियाला रिकामा झाला की ताई लगेच पुन्हा ठिपक्यापर्यंत.

पंचाईत पुढेच होती. इतक्या आग्रहातून पाहुण्यांनी उठावं कसं? बाबांचं हवामान संपलं, जर्दाळू संपले, पुन्हा हवामान सुरू झालं. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवून थकला. इतक्या चहानं काका दोनदा अंगणाच्या टोकाला जाऊन आले. निघण्यासाठी त्यांनी गुडघ्यावर हात टेकला की ताई ओतायची आणि ते मुकाट बसायचे, सुट्टीची घंटा होऊनही वर्गात डांबलेल्या पोरासारखे.

शेवटी मावशींनी पियाला उजेडाकडे तिरका केला. "हा ठिपका कसला गं?"

मग काकांच्या पियाल्यात डोकावल्या. तिथंही ठिपका. ताईचे कान लाल झाले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, मागच्या स्थळासकट. आईनं डोळे मिटून घेतले. हेही स्थळ गेलं, असं मला वाटलं.

मावशी हसत हसत लोडावर कलंडल्या. मग सावरून बसल्या आणि रिकामा पियाला ताईपुढे धरला. "सूनबाई, आता मी पाहुणी राहिले नाही. घरच्यांना देतेस तसा दे. भरून."

"मलाही," काका म्हणाले, "गाडीवाला निघून जाईल."

ताईचा हात थरथरलाच. मावशींनी तिचं मनगट हलकेच धरलं. मावशींच्या त्या हाताचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पियाल्यात एकशे ऐंशी मिलीलीटर चहा मावला. दस्तरखानाच्या कापडावर सांडला तो पाच.