देवाच्या तीर्थास उकळी आणिली ती हकीकत

श्रीकृपेनें लेखणी हातीं घेतली तों लहानपणीं देवळाचे दारीं ऐकिला वृद्ध पुजाऱ्याचा आवाज कानीं आला, "पाणी उकळा हो, निववा हो, मग प्या हो, तान्हें रडलें तरी दम धरा हो." ते पुजारी नारोभट ऐसें कां ओरडत असत तें लिहितों. शके सतराशें चोवीस, दुंदुभीनाम संवत्सर, भाद्रपदमासीं नदी माजली आणि खालचा गांव वाहून गेला आणि चहूंकडील वाटा बुडाल्या आणि माणसें टेकडीवरील देवळांत आलीं, मग ओकारी-जुलाबांनीं पटापट आडवीं होऊं लागलीं. वर्तमान दरबारीं पोहोंचतांच वैद्यकारभारी अनूबाईसाहेब होडींत मोठाले हंडे घालोन आल्या आणि पदर खोंवोन म्हणाल्या, "आजारी निराळे ओसरीस निजवा, त्यांस मीठगुळाचें पाणी पाजा, आणि उकळल्यावांचून थेंब कोणाचे तोंडीं न जावा." सर्वांनीं मानिलें, तरी रोग हटेना. मग बाईसाहेब देवळांत बसोन पाहों लागल्या, तों जो येई तो पुजारी नारोभट यांजपुढें ओंजळ धरी आणि कुंडांतील तीर्थ घेई, आणि कुंड टेकडीच्या पायथ्याशीं, त्यांत तर पुराचा गाळ.

बाई म्हणाल्या, "भटजी, आम्ही आलों तेव्हां तुमचेजवळ होती ती नात येसू दिसत नाहीं?"

"मामाकडे गेली."

वाटा तर चहूंकडे बुडालेल्या. बाईंनीं तीर्थाच्या पळीकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "तीर्थ उकळावें लागेल."

"बाई, तीर्थ आहे तें. आमटी नव्हे."

लोक हांसले, बाईही हांसल्या, आणि पुसलें, "दिवाळीस देवास स्नान कसल्या पाण्याचें?"

"ऊन पाण्याचें."

"मग यंदा देवाची दिवाळी लवकर करूं. तेही पुराच्या गार पाण्यानें न्हाताहेत, हुडहुडी भरली असेल."

नारोभट बाजूस सरले. मग बायकांनीं देवापुढें चूल मांडिली आणि हंडा चढविला आणि गाऊं लागल्या,

उकळूं द्या पाणी बाई, उकळूं द्या खळखळां
आधीं न्हाणूं देवराया, मग पाजूं तान्ह्या बाळा

आणि देव न्हाले, आणि तेंच पाणी निववोन तीर्थ जाहलें.

सारांश, रोग हटला. बाईसाहेब हंडे तेथेंच ठेवोन, मानाचीं वस्त्रें न घेतां गेल्या, धन्य त्यांची. येसूही वांचली. ती वांचली याचें कारण इतकेंच, कीं त्या सकाळीं नारोभटांनीं पहिली पळी भरली ती कोणाचे ओंजळींत घालीनात, आणि बाईंकडे न पाहतां म्हणाले, "ही माझे नातीस. मामाकडे गेली नाहीं ती. आंत निजली आहे, परवांपासून डोळे उघडीत नाहीं. माझेच हातचें तीर्थ प्याली होती, बाई."