माझ्याकडे पाठ करून बसणाऱ्या मुकादमबाई

मुकादमबाई पहिल्यांदा माझा तास तपासायला आल्या, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, फळ्याखाली आणून ठेवलं आणि पोरांकडे तोंड, माझ्याकडे पाठ करून बसल्या. पस्तीस मिनिटांत एकदाही मागे वळल्या नाहीत. मी दोन दिवस खपून रंगीत तक्ते केले होते, नवा शर्ट घातला होता, आवाजात चढउतार ठेवले होते. हा सगळा माल मी बाईंच्या डोक्यावरच्या पदराला दाखवत होतो.

तास संपला. बाई उठल्या, वही मिटली.

"तक्ते कसे वाटले, बाई?" मी विचारलं.

"मी कशाला बघू? मला अपूर्णांक येतात," बाई म्हणाल्या. "सहाव्या मिनिटाला सुफियान गेला. नवव्याला तनुजा गेली. अकराव्याला खिडकीकडची अख्खी रांग गेली. तू मात्र शेवटपर्यंत होतास."

आता मी त्या वर्गात काय करत होतो, हेही सांगायला हवं. मी मूळचा तळा गावचा. पनवेलच्या एका ऑफिसात बसून फोनवर विमा विकायचो. एक दिवस कुठल्याशा संस्थेची जाहिरात वाचली: शहरी शाळांसाठी फेलोशिप, सहा आठवड्यांचं प्रशिक्षण, मग वर्षभर प्रत्यक्ष वर्ग, आणि शेवटी शिक्षकाचा परवाना. मी नोकरी सोडली. बाबांना हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सहा आठवड्यांत मास्तर होतो, तर डॉक्टरला किती लागतात? पुढच्या वेळी तिथं जा."

शाळा मिळाली ती अलिबाग-मुरूड रस्त्यावरच्या एका गावात. त्या गावाला नुकतीच नगरपंचायत मिळाली होती आणि त्यामुळे ते कागदावर शहर झालं होतं. एटीएम एकच, तेही बहुतेक वेळा आजारी. शाळेच्या पाठीमागे बंदर, पुढे नारळाची वाडी. शहरी शिक्षणाचं मी जे प्रशिक्षण घेतलं होतं, त्यात वर्गात कोंबडी आली तर काय करायचं हे नव्हतं.

प्रशिक्षणात खरं तर बरंच काही होतं. चिकटचिठ्ठ्या होत्या, वर्तुळात बसून मन मोकळं करणं होतं, आणि मुलांचं लक्ष वेधायच्या चौदा प्रकारच्या टाळ्या होत्या. पहिल्याच दिवशी मी त्यातली सर्वात जोरदार टाळी वर्गाला शिकवली. पोरांना ती इतकी आवडली की थांबेनात. शेजारच्या वर्गानेही धरली. कुणीतरी पाहुणे आले असावेत अशा समजुतीने हेडमास्तर शाल आणि नारळ घेऊन व्हरांड्यात धावत आले. त्याहून वाईट म्हणजे, तास संपवताना माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?"

"व्हय," मागून सुफियान म्हणाला. "लघवीला सोडा."

ही बातमी बाईंपर्यंत मधल्या सुट्टीच्या आत पोचली. त्या नव्या फेलोला नावाने हाक मारत नसत, त्याच्या आधीच्या धंद्याने मारत. माझ्याआधी त्यांच्याकडे एक 'बँक' होती आणि एक 'हॉटेल' होतं. मी 'विमा' झालो.

परवाना मिळण्याची अट साधी होती. मार्गदर्शक म्हणून बाई वर्षात माझे आठ तास पाहणार, आणि त्यांतला एखादा त्यांना पटला की एका कागदावर सही करणार. कागदावर छापलेलं होतं: 'स्वतंत्रपणे वर्ग घेण्यास योग्य'. सही नाही तर परवाना नाही. त्यात बाई मार्चअखेर निवृत्त होणार होत्या. तोवर सही झाली नाही, तर नव्या मार्गदर्शकाबरोबर अख्खं वर्ष पुन्हा. बाबांना हे सांगायची माझी तयारी नव्हती.

बाईंची अट त्याहून साधी होती. तासात एकही पोर जाता कामा नये. म्हणजे वर्गात बसून मनाने बाहेर जाता कामा नये. बाईंना ते चेहऱ्यावर दिसायचं. "शिकवणारा काय बघायचा? तो बडबडतच असतो," असं त्यांचं म्हणणं. पोर गेलं की मिनिट पाहून वहीत नोंद. मला फक्त त्यांचं उजवं कोपर हललेलं दिसायचं. कोपर हललं की मी समजायचो, गेलं एक.

आणि नोंद करून काम संपत नसे. "नुसतं गेला म्हणून भागत न्हाय. कुठं गेला ते बघून ये," बाई म्हणायच्या आणि शाळा सुटल्यावर मला त्या पोराच्या घरी पिटाळायच्या. सुफियान कुवेतला जाऊन आला होता. त्याचे वडील सुट्टीवर यायचे होते आणि तो पोरगा रोज वर्गात बसून त्यांचं विमान उतरवत होता. तनुजा झोपेत गेली होती. आईबरोबर पहाटे बंदरावर मासळी निवडून ती शाळेत यायची.

तनुजाच्या घरी मी मुद्दाम खुर्ची नाकारली. आपण साधे आहोत हे दिसावं म्हणून अंगणातल्या चटईवर मांडी घातली. तनुजाची आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "सर, तुमी बसा, बसा. पन तिथं जवल्याची मासली सुकत टाकलीय." दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला कुणी मनाने गेलं नाही. अंगानेच सगळे मागच्या बाकांकडे सरकले. बाईंनी स्टूलही जरा लांब ओढलं.

असे सहा तास झाले. कागद कोरा. मग सातव्या तासाला माझ्या डोक्यात ती भयंकर कल्पना आली. बाई जर चेहरेच बघतात, तर चेहऱ्यांची तयारी करून घेतली तर? मी आदल्या दिवशी पोरांना विश्वासात घेतलं. "बाई आल्या की डोळे मोठे ठेवायचे. माझ्याकडे बघायचं. हलायचं नाही." पोरं माझ्यावर उपकार करायला एका पायावर तयार होती.

तास सुरू झाला. चौतीस पोरं डोळे फाडून माझ्याकडे बघत होती. पापणी लवत नव्हती. पाचव्या मिनिटाला काहींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तनुजाने भुवया इतक्या वर नेल्या होत्या की त्या केसांत शिरतील असं वाटत होतं. मला स्वतःला शिकवता येईना, कारण त्या नजरांनी माझ्या अंगावर काटा आला होता. आणि मग, वर्षात पहिल्यांदाच, बाई स्टुलावर मागे वळल्या. माझ्याकडे पाहिलं.

"विमा," त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्यांना काय पाजलंस?"

सुफियान डोळे तसेच ठेवून म्हणाला, "बाई, सरांनी सांगितलंय. सही होईपर्यंत मिटायचे न्हायत."

बाई पदर तोंडाशी धरून व्हरांड्यात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. त्या रागावल्या असाव्यात असं मला वाटलं होतं. शिपायाने नंतर सांगितलं की त्या खांबाला धरून हसत होत्या. सही अर्थातच झाली नाही.

आठवा तास मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी ठेवला होता. बाईंचा शाळेतला शेवटचा आठवडा. मी तक्ते केले नाहीत. टाळ्याही नाहीत. अपूर्णांकच घ्यायचे होते, म्हणून विचारलं, "बोटीवरची मासळी आली की तिचे वाटे कसे पाडतात?"

मला वाटलं होतं, समान पाडत असतील. तसं मी फळ्यावर लिहिलंही. तनुजा उभी राहिली. "चूक हाय, सर. बोटीचा वाटा येगला. जाल्यांचा येगला. मग रायलेल्यात खलाशी. तांडेलाला एक जास्त."

"तांडेलाला कशाला जास्त?"

"तो बोट चालवतो. तुमी चालवाल?"

मग कुणाच्या बोटीवर कसे वाटे पडतात यावर वाद पेटला. सुफियानच्या चाचाची पद्धत वेगळी निघाली. मी खडू तनुजाच्या हातात दिला. फळ्यावर अपूर्णांक इतके झाले की बेरजेत मीच अडकलो आणि पोरांनी मला सोडवलं. वीस मिनिटं बाईंचं कोपर हललं नव्हतं. एकही पोर गेलं नव्हतं.

आणि तेव्हा माझं लक्ष बाईंच्या पाठीकडे गेलं. वर्षभर मी ती एकच बाजू पाहत होतो, त्यामुळे ती मला चांगली वाचता यायची. वर्ग हसला की बाईंचे खांदे हलायचे. आता सगळा वर्ग हसत होता आणि खांदे स्थिर होते. मान थोडी बंदराकडे कललेली. पेन वहीवर आडवं पडलेलं.

शहाणा माणूस शिकवत राहिला असता. मी पोरांना एक गणित घातलं आणि स्टुलाशेजारी उकिडवा बसलो.

"बाई, कुठं गेलात?"

त्या दचकल्या. घड्याळाकडे पाहिलं, मग वहीकडे. "किती मिनिटं झाली?"

"पाचेक तरी."

"तुझा तास चाललाय. शिकव," त्या म्हणाल्या. तास संपल्यावर वही पिशवीत टाकून निघून गेल्या. सहीचं नाव नाही.

शनिवार मी कसाबसा काढला. रविवारी सकाळी कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. सहीसाठीच गेलो होतो, हे कबूल करतो. पण शुक्रवारी त्या कुठे गेल्या होत्या, हेही डोक्यातून जात नव्हतं.

घर मोठं, पाच खोल्यांचं, मुलाने दोहाहून पाठवलेल्या पैशांतून बांधलेलं. त्यात बाई एकट्या. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर जाड कागदाची पानं पसरली होती. प्रत्येक पानावर एकेक मोठं, रेखीव मराठी अक्षर.

"बस. चहा ठेवते," बाई म्हणाल्या. मी पानं बघतोय हे पाहून थांबल्या. "माझी नात. मुलाची. नऊ वर्षांची हाय, तिकडंच जन्मली. इंग्लिश वाचते, अरबी वाचते. शुक्रवारी सकाळी फोनवर म्हणाली, दादी, तू पाठवलेलं पत्र मला वाचता येत न्हाय, पप्पांना वेळ न्हाय." त्यांनी पानांचे कोपरे जुळवले. "एवढ्या पोरांना वाचायला शिकवलं रे. शेजारच्या हनीफची बायको मंगळवारी दोहाला चाललीय. सुकट, पापड नेतेय, तर म्हटलं हेही जाईल. पन चित्रं मला जमत न्हायत."

मलाही जमत नाहीत. पण मी पेन्सिल घेतली. होडी काढली, नारळ काढला, 'ब'साठी बोंबील काढला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बोंबील' असं लिहिलं, म्हणजे शंका नको. 'द'चं पान मी ओढलं, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"ते दादीचं. ते राहू दे. तू काढलंस तर पोर घाबरंल." जरा वेळाने म्हणाल्या, "तिथं काय लावायचं ते मी बघते. एखादा बरा फोटो असंल."

मग 'च' आलं. बाईंना तिथे चिंबोरीच हवी होती. नात पाच वर्षांची असताना इथे आली होती, तेव्हा मोरीतला नांग्या उगारलेला जिवंत खेकडा बघून बाईंच्या मांडीवर चढून बसली होती आणि अर्धा तास उतरली नव्हती. इथलं तेवढं एकच तिला आठवतं.

मी मान खाली घालून चिंबोरी काढत होतो. बाईंनी माझ्या खिशातून डोकावणारा कागद स्वतःच ओढून घेतला, उलगडला, छापलेली ओळ चष्मा लावून वाचली, सही केली, तारीख घातली आणि परत माझ्या खिशात खोचला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"ते मागनं," बाई म्हणाल्या. "आधी चिंबोरीचे पाय मोज. दहा हवेत."

मी मोजले. सहा निघाले.