विद्याधररावांच्या गाठीवरील सार्वजनिक उपचार

आजार माणसाला एकट्याला होतो, उपचाराचा हक्क मात्र समाजाचा असतो. समाजाने हा हक्क आजवर वाया जाऊ दिलेला नाही.

सन १९८६. मुलुंडच्या विद्याधर केळशीकरांच्या मेंदूतली गाठ काढून दोन वर्षं झाली आणि ती पुन्हा उगवली. गाठ दुर्मीळ जातीची होती (सोसायटीला याचा थोडा अभिमानच होता). पुन्हा शस्त्रक्रिया शक्य नव्हती. डॉ. क्षमाबाईंनी प्रयोगात असलेलं एक नवं औषध सुचवलं. अट एकच: आठ आठवडे दुसरा कुठलाही काढा, चूर्ण, मात्रा पोटात जाता कामा नये, गेल्यास प्रयोगातून नाव कमी. विद्याधररावांना जगायचं होतं. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपला संस्कार. आठ आठवड्यांचा तपशील असा: आलेली माणसं १४३, आणलेले उपाय ६१, "नवीन औषध आधी दुसऱ्या कुणाला देऊन बघा" असं सुचवणारे १४३.

दहिसरचा मामेभाऊ धाकू तर सहाण घेऊनच आला. "ह्यां मूळ उगाळून घे. डाक्टराक काय कळता?" म्हणाला, आणि मूळ पोटात जाईपर्यंत हलायचं नाही अशा बेताने बसला.

विद्याधररावांना गाठीपेक्षा 'नको' म्हणण्याची धास्ती जास्त. (गाठीवर निदान औषध होतं.)

पत्नी पद्मजाबाई शांतपणे म्हणाल्या, "द्या इकडे. चहाबरोबर देते."

दिलंही. कुणाला, हे त्या बोलल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक उपाय पाहुण्यांच्याच चहात पडू लागला. धाकूचं मूळ सोसायटीच्या सेक्रेटरींनी घेतलं, सेक्रेटरींचं चूर्ण धाकूने. कुणाचे ढेकर थांबले, कुणाला सकाळी साफ होऊ लागलं. दोघांनी दुसरा कप मागून घेतला.

आठ आठवड्यांनी डोक्याचा फोटो काढला. गाठ निम्मी झाली होती. पद्मजाबाई इस्पितळाच्या पायरीवर बसून मनसोक्त रडल्या. औषध आणखी आठ आठवडे द्यायचं ठरलं, अट तीच.

बातमी सोसायटीत पोहोचताच एकसष्ट जणांनी श्रेय घेतलं आणि उत्साहाने दुप्पट माल आणला.

आता आपण. हे वाचताना आपल्याला एखादा वैद्य, एखादी मुळी, शेजारच्यांना हमखास गुण आलेलं काहीतरी आठवलंच असेल. संकोच करू नका, अवश्य घेऊन या. पद्मजाबाईंनी आधण ठेवलं आहे.