मथुराकाकीची नाडी

आमच्या मथुराकाकीला माणूस भेटलं की ती "कशी आहेस" असं विचारत नसे. सरळ मनगट धरायची. तीन बोटं नाडीवर टेकवायची, डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि मग निकाल द्यायची. "तुन्ही नाडी लबाड शे. रात्री झोपली नहीस तू." किंवा, "हाई नाडी चांगली शे, पन हावरी शे. जेवीसन जाय."

तलाठी पीक बघायला आले, तर काकीने पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात देण्याऐवजी त्यांचाच हात धरला. विधवा बाई, डोक्यावर पदर, आणि सरकारी माणसाचं मनगट पकडून डोळे मिटून उभी. तलाठ्यांना बिचाऱ्यांना हात ओढून घ्यावा की राहू द्यावा हेच कळेना. शेवटी काकी म्हणाली, "या माणूसनी नाडी पळी ऱ्हायनी. काहीतरी खोटं लिखेल शे." सासरे दोन दिवस काकीशी बोलले नाहीत. पण त्या वर्षी तलाठ्यांनी आमच्या बांधावर फार वेळ काढला नाही, एवढं खरं.

मी त्या घरात लग्न होऊन आले ती धुळ्याहून. साल साठच्या आसपासचं. तापीकाठचं गाव, शहाद्याहून एस.टी.ने यायचं, केळीचे बाग, कापूस, आणि दिवसभर विहिरीवरच्या इंजिनाची पुकपुक. मी मराठी सातवी फायनल पास होते आणि त्याचा मला ताठा होता. घरात सासरे, सासूबाई, आणि सासऱ्यांच्या मयत धाकट्या भावाची बायको मथुराकाकी. माझे यजमान तळोद्याला शिक्षक होते, शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात. मधले दिवस मी आणि या दोन बायका. सासूबाई बोलत ते कामापुरतं. काकी बोलायची ते नाडीपुरतं.

स्वतःच्या नाडीवर तर तिचा फारच जीव. भाकरी थापता थापता थांबायची, पिठाच्या हाताने मनगट धरायची आणि विहिरीकडे कान लावायची. इंजिन एका ठेक्यात चालायचं, काकीची नाडी नाही. "देख," मला म्हणायची, "इंजिन कसं सरळ चालस. आन् मन्ही? चालता चालता एक पाऊल खाई जास. मंग धावस. मंग परत उभी ऱ्हास." मी बोट ठेवून पाहिलं. खरंच, नाडी दबकत चालायची, मधेच उडी मारायची. मी शिकलेली, म्हणून म्हटलं, "काकी, वाताने होतं." वात म्हणजे काय हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

नाडीच्या जोडीला आग. भर पौषात आम्ही गोधड्यांत गुरगुटून बसलेलो असू आणि काकीचा चेहरा एकदम लालबुंद व्हायचा, कपाळावर घाम, मानेवरून ओघळ. ती उठून बागेत जायची, केळीचं मोठं पान तोडून आणायची, ओसरीवर पसरायची आणि त्यावर पाठ टेकून पडायची. दुसऱ्या पानाने वारा घ्यायची. एकदा एक पाहुणी दारात येऊन तशीच मागे फिरली. तिला वाटलं, कुणाचं तरी शेवटचं चाललंय. सासूबाई म्हणत, मिरची जास्त खातेस. काकीने मिरची सोडली. आग काही सोडेना. मग म्हणाल्या, कुणाची नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. एक भगत येऊन कोंबडी घेऊन गेला. कोंबडी गेली, धडधड राहिली.

काकीची खात्री झाली होती की तिचं हृदय एक दिवस इंजिनासारखं फट्‌ करून बंद पडणार. तिने माझ्यादेखत तीनदा आपली लुगडी वाटली. जांभळं मला, हिरवं सासूबाईंना, एक मोलकरणीला. "आज मी जास व माय," म्हणायची, आणि संध्याकाळी पिठलं छान झालं की ती लुगडी गुपचूप परत पेटीत. जांभळं लुगडं माझ्याकडे येऊन-जाऊन त्याच्या घड्या विरल्या. मी हसायचे. पण ती हसायची नाही. तिला खरोखरच भीती वाटत होती, आणि धडधड सुरू झाली की तिच्या हाताची बोटं गार पडायची. ते पाहिलं की माझंही हसू जायचं.

"डॉक्टरीणबाईंकडे चला," मी म्हणायचे. नंदुरबारला एक डॉक्टरीणबाई नव्याने आल्या होत्या, बायकांना तपासायच्या. हे नाव काढलं की काकीचं तोंड मिटायचं. "कसाले जानं? मरानं व्हई तं घरमाच मरसू." दोनदा मी तिला एस.टी.पर्यंत नेलं. दोन्हीदा ती पायरीवरून उतरली, एकदा पिशवी विसरली म्हणून आणि एकदा गाडीचा रंग अशुभ म्हणून. लाल एस.टी.चा रंग अशुभ असेल तर अख्खा खानदेश घरीच बसायला हवा. 

आता मधली एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही.

त्या काळी आमच्याकडे विटाळ कडक पाळत. कावळा शिवला की बाईने चार दिवस परसातल्या पडवीत बसायचं. चूल नाही, देव नाही, कुणाला शिवायचं नाही. ताट लांबून सरकवून देत. मला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात सगळं वाहून गेलं. त्यानंतर दर महिन्याला पडवीत जाऊन बसणं म्हणजे घरादाराला ओरडून सांगणं, की या महिन्यातही नाही. सासूबाई काही बोलत नसत. फक्त "हं" म्हणत. त्या "हं"पेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या पडवीत माझ्यासोबत काकी असायची. मी गेले की दुपारपर्यंत तीही तरटाची गुंडाळी काखेत मारून यायची. "आपला दोन्हीसले एकच कावळा शे," म्हणायची. बाहेर बसलेल्या बाईला बाहेर बसलेलीच शिवू शकते. म्हणून ती माझी नाडी बघायची, केस सोडवायची, पाठ दुखली तर दाबून द्यायची. चार दिवस बडबड. सासूबाई चुलीपाशी एकट्या करवादायच्या, आणि आम्ही दोघी त्यांच्या करवादण्याची नक्कल करून हसायचो. असं चार-एक वर्षं चाललं.

मग एका माघात काकी बागेतच कोसळली. केळीच्या दांडात, वाहत्या पाण्यात. शुद्धीवर आली ती माझा हात घट्ट धरून. या वेळी सासऱ्यांनीच गाडी जुंपली, आणि मी नि सासूबाई तिला घेऊन नंदुरबारला गेलो. वाटेत बाजाराजवळ मिरच्या वाळत घातलेल्या, सगळे शिंकताहेत, आणि काकी मात्र गप्प. माझ्याकडे बघत होती, आणि मी पाहिलं की नजर काढून घेत होती. मला वाटलं, मरणाची भीती.

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, बोलणं स्वच्छ. छातीवर नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "पाळी नीट येते?"

सासूबाईच पुढे झाल्या. "येस ना. दर महिने बठस ती. मन्ही वहूसंगे."

"त्यांना बोलू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग खाली बघून म्हणाली, "बंद व्हयनं. चार वरीस व्हई ग्यात."

डॉक्टरीणबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी समजावलं, हृदयाला काही झालेलं नाही. पाळी जायच्या वयात आणि नंतरही काही वर्षं बायकांना असंच होतं, अंगाची आग होते, झोप उडते, छाती धडधडते, नाडी कमी-जास्त पळते. घाबरल्याने आणखी पळते. अशक्तपणा आहे, त्यासाठी बाटली देते. तुम्ही मरत नाही हो, बाई.

चार वर्षं जिची वाट बघितली ती बातमी काकीला मिळाली होती, आणि तिचा चेहरा पाहावा तर जणू फाशीची सांगितली.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी तोंड सोडलं. "चार वरीस तुन्हा वाटान्या भाकरी मी थाप्यात. आराम कराले बठे तू पडवीमा. देवनाबी धाक नही तुले." आणि मी? लाज वाटते सांगायला, पण मलाही राग आला. मला वाटलं, मी तिथे दर महिन्याला जीव जाळत बसते आणि ही कामाला टांग मारायला येते. घर येईपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही. शिकलेली होते ना मी.

त्यानंतरच्या महिन्यात मी पडवीत गेले. दुपार झाली, तरट काखेत घेऊन कुणी आलं नाही. काकीला आता महिन्याचे तीसही दिवस चूल होती. मी भिंतीला टेकून बसले. सगळा दिवस माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नाही, आणि मला तेव्हा कळलं की गेल्या चार वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. काकी का यायची, तेही लगेच कळायला हवं होतं. नाही कळलं.

दिवेलागणीच्या आधी काकी ताट घेऊन आली. लांबून सरकवायचं ते तिने हातात दिलं, माझ्या शेजारी बसली आणि माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

सासूबाईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं. "शिवनी का तू तिले?"

"शिवनी," काकी म्हणाली. "आंग धुई टाकसू."

आणि गेली विहिरीवर. लुगड्यासकट दोन बादल्या डोक्यावर ओतल्या, काकडत आत गेली, चुलीपाशी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताट घेऊन आली, पुन्हा शिवली, पुन्हा विहीर. दुपारी पुन्हा. सासूबाई म्हणाल्या, "मरशी अशी." काकी म्हणाली, "मन्हं आंग तं असंबी पेटी ऱ्हायनं. पानी का इकत लेवानं शे?" शास्त्रात शिवल्यावर आंघोळ सांगितली आहे, कितीदा करायची ते सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती धुऊन आत जायच्याऐवजी तशीच ओल्या लुगड्याने माझ्याकडे परत आली. पाणी गळत होतं. मी म्हटलं, "काकी, आत्ताच तर धुतलंत. आता परत धुवावं लागेल. का करता हो माझ्यासाठी?"

ती शेजारी बसली. विहिरीकडे बघत म्हणाली, "तुन्हासाठी नही व. चौदा वरीस मी अठे एकली बठनी. कोनी बोटबी लावं नही. पन पाचवे दिन घरमा जाऊ, तं माणूस व्हता मन्हा. मंग तो गया. मंग पाचवा दिन उनाच नही."

पाचवा दिवस आलाच नाही. मी रडले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने, सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आतून काकीला हाक आली, भाकरी करपतेय म्हणून. "करपू दे," काकी म्हणाली, आणि तशीच ओली, मला धरून बसून राहिली.