आठ हजार पुस्तकांची शाळा

"या वेळी घर मी शोधणार," असं मी बायकोला सांगितलं, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. सत्तावीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला शांततेचे प्रकार ओळखता येतात. ही शांतता कौतुकाची नव्हती.

"तुम्ही?"

"का? माहिती काढणं हा माझा धंदा आहे."

"मागे इस्त्री आणायला गेला होतात. दुकानदाराशी भांडून हात हलवत परत आलात."

(भांडण तत्त्वाचं होतं. वॉरंटी म्हणजे वचन की नुसता कागद, एवढंच मी त्याला विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.)

झालं होतं असं, की पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर असलेल्या माझ्या बायकोला बढती मिळाली, आणि बढतीच्या शेपटाला बांधून बदली आली. एक तारखेला नव्या शहरात हजर व्हायचं होतं. याआधीची आमची तीन स्थलांतरं माझ्यामुळे झाली होती, कारण तीन संपादकांशी माझं पटलं नाही. (तिघेही चुकले होते. एकाने तर तसं कबूलही केलं. लिफ्टमध्ये, दार बंद होता होता.) माझा कणा ताठ राहिला, पण त्यापायी आमच्या थोरलीला सहा वर्षांत तीन शाळा बघाव्या लागल्या. आता ती आठवीत जाणार होती. मी बॅग भरत असताना ती समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, आता दहावीपर्यंत शाळा बदलायची नाही."

"नाही बदलायची."

"मग एकच बघ. लायब्ररी. खरीखुरी. पुस्तक घरी नेता येतं अशी."

तिच्या आधीच्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, पण त्याची किल्ली दोन वर्षांपूर्वी हरवली होती. पोरगी मधल्या सुट्टीत मान वाकडी करून काचेतून पुस्तकांची नावं वाचत उभी राहायची. हे तिने नाही, तिच्या बाईंनी मला सांगितलं होतं.

"मला शाळेत मांजर पाहिजे," दुसरीतला धाकटा म्हणाला.

दोन्ही मागण्या मी वहीत टिपून घेतल्या आणि चार दिवस आधी एकटाच निघालो.

नव्या शहरात एजंटने मला गाडीत बसवताच सांगितलं, "साहेब, मुलांच्या शाळेसाठी घर ना? मग डोळे मिटून टेकडीची वसाहत घ्या."

"डोळे उघडे ठेवायचा मला पगार मिळतो," मी सुनावलं.

"मग उघडे ठेवून घ्या. घर तेच आहे."

पर्याय दोन होते. एक टेकडीवरची वसाहत, आणि दुसरी तिथून बरीच लांब, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या मोठ्या टाकीखालची. टेकडीवरच्या शाळेला तीन मजले, दगडी खांब आणि माणूस दबून जाईल असं फाटक. टाकीखालची शाळा बैठी, पत्र्याच्या छपराची. गाडीतूनच तिच्याकडे एक नजर टाकून मी वहीत लिहिलं, 'किरकोळ'.

पण एजंटच्या शब्दावर घर घेणारा मी नव्हे. तीन स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय ओळ छापायची नाही, हे मी पंचवीस-तीस उमेदवार बातमीदारांच्या डोक्यात अक्षरशः ओरडून भरवलेलं आहे. मी कामाला लागलो.

पहिलं सूत्र केस कापणारा. (माझ्या डोक्यावर कापण्यासारखं फार उरलेलं नाही, पण माहितीसाठी त्याग करावा लागतो.)

"टेकडीची शाळा?" त्याने कात्री थांबवली. "नावाजलेली आहे. आठ हजार पुस्तकं आहेत तिथं!"

माझं मन उसळलं. चेहरा मी कोरा ठेवला. दुसरं सूत्र औषधाचा दुकानदार. नको असलेल्या खोकल्याच्या गोळ्या घेऊन मी सहज विषय काढला.

"चांगली म्हणजे? आठ हजार पुस्तकं आहेत म्हणतात."

तिसरं सूत्र फाटकाजवळ पोराची वाट बघत उभी असलेली एक आई. "आठ हजार," ती म्हणाली. "म्हणून तर आम्ही इकडं राहायला आलो."

तीन माणसं, एकमेकांना न ओळखणारी, आणि आकडा तंतोतंत एक! सात नाही, नऊ नाही. (याच प्रसंगावर मी उमेदवारांना एक धडा देत असे, की तीन माणसं एकच आकडा सांगू लागली तर ती एकाच ठिकाणाहून आलेली असतात. पण आपणच शिकवलेलं आपल्याला लागू असतं, असं कोणी म्हटलंय?)

तरी मी आत जाऊन बघणार होतोच. फाटकावरच्या रखवालदाराने अडवलं.

"कोण तुम्ही?"

"पत्रकार."

"ओळखपत्र?"

ते दुसऱ्या पँटमध्ये होतं.

"पोरगं शिकतं का इथं?"

"अजून नाही."

"मग या की शिकायला लागल्यावर."

मी त्याला माहितीचा अधिकार, लोकशाहीत फाटकाचं स्थान आणि त्याच्या बोलण्याची पद्धत, अशा तीन मुद्द्यांवर वीस मिनिटं ऐकवलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि फाटकातली छोटी खिडकीही लावून घेतली. वाद मी जिंकलो. लायब्ररी बघायची तेवढी राहिली.

संध्याकाळी मी विजयी आवाजात घरी फोन लावला.

"आठ हजार?" बायको म्हणाली. "पण त्या लोकांना कसं माहीत?"

"सूत्राला असं विचारायचं नसतं. अपमान होतो त्याचा."

मग थोरलीने फोन घेतला. "बाबा, तू आत जाऊन बघितलंस?"

"तीन सूत्रांनी दुजोरा दिलाय बाळा."

"हं," ती म्हणाली. तो 'हं' मी एका नामांकित वकिलाच्या तोंडून उलटतपासणीत ऐकला होता. तरीही दुसऱ्या दिवशी मी वर्षभराच्या करारावर सही केली. कलम सात म्हणत होतं की वर्षाच्या आत घर सोडता येणार नाही. मी म्हटलं, सोडणार कोण!

सामान उतरलं, आणि सोमवारी आम्ही चौघं मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसलो. बाई मायाळू होत्या. फॉर्म पुढे सरकवत होत्या, तेवढ्यात मी रुबाबात म्हणालो, "आधी मुलीला लायब्ररी दाखवा."

"ही काय," बाई म्हणाल्या.

त्यांच्या पाठीमागे एक कपाट होतं. काचेचं. कुलूप लावलेलं.

"ही... सुरुवात असेल?"

"छे, सगळी हीच."

"आणि किल्ली?"

"सचिवांकडे असते. ते परगावी असतात."

थोरली उठली, कपाटापाशी गेली आणि मान वाकडी करून काचेतून पुस्तकांची नावं वाचू लागली.

ती वाकडी मान मला बघवली नाही. सत्तावीस वर्षांचा राग एकदम वर आला. "आठ हजार पुस्तकं कुठं आहेत?" मी टेबलावर हात आपटला.

"पेपरात," बाईंनी शांतपणे भिंतीकडे बोट केलं. तिथं सोनेरी चौकटीत एक पिवळं पडलेलं कात्रण होतं. 'आठ हजार पुस्तकांची शाळा'. दोन कॉलम.

"हे कोणी लिहिलं?" मी उभाच राहिलो. "हा मनुष्य आत पाऊल टाकून गेलाय का? याने एक पुस्तक तरी मोजलंय? असल्या बसल्या जागी बातम्या पाडणाऱ्या लोकांमुळे आमचा धंदा बदनाम होतो! मला नाव सांगा त्याचं! मी त्याला सोडणार नाही!"

"अहो," बायको म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस! नाव काय त्याचं?"

थोरलीने मान सरळ केली, कात्रणाजवळ गेली आणि खालची ओळ वाचली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुझं आहे."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. आणि मला नऊ वर्षांपूर्वीची ती शनिवारची दुपार आठवली. चौथ्या पानावर दोन कॉलमांचा खड्डा पडला होता आणि माझ्या टेबलावर कुठल्याशा लांबच्या शाळेची प्रेसनोट होती. खातरजमा करायला मी फोन लावला होता, खोटं कशाला बोलू? लागला नाही. म्हणून मी खातरजमा सोडली. बातमी नाही सोडली.

"अगंबाई, तुम्हीच का ते!" मुख्याध्यापिकांचा चेहरा उजळला. "बसा ना, चहा मागवते. तुमचे फार उपकार आहेत शाळेवर. त्या बातमीनंतर इतके प्रवेश आले, की लायब्ररीची खोली वर्गाला द्यावी लागली!"

धाकटा म्हणाला, "मांजर पण नाहीये इथं."

घरी मी एका खोक्यावर बसून राहिलो. थोरलीपुढे बसून माफी मागायची वाक्यं मनात जुळवत होतो. (बातमी मी अर्ध्या तासात लिहितो. हे तीन वाक्यांचं काम दुपारपर्यंत जमेना.) शेवटी उठून बघतो तर पोरगी घरात नव्हती. आईबरोबर तिचं नवं ऑफिस बघायला गेली होती, धाकट्यालाही घेऊन.

संध्याकाळी तिघं परतली. थोरलीच्या हातात पुस्तक होतं. जाड, खाकी वेष्टनाचं, मधे शिक्का मारलेलं.

"हे कुठनं आणलंस?"

"आईच्या ऑफिसशेजारी एक शाळा आहे. फाटकात एका मुलीच्या हातात पुस्तक दिसलं. मी विचारलं, तुझं का? ती म्हणाली, शाळेचं. मग मी आत गेले."

"रखवालदाराने सोडलं?"

"हो. विचारलं मी त्यांना."

"मांजर आहे तिथं!" धाकटा ओरडला. "पेपरच्या गठ्ठ्यावर झोपते!"

"एकोणीसशे पुस्तकं," थोरली म्हणाली. "लायब्ररीच्या बाईंचं रजिस्टर बघितलं मी. बाई फार ओरडतात, पण प्रवेश घेणार म्हटल्यावर एक पुस्तक लगेच दिलं."

"पण कुठली ही शाळा?"

बायकोने पर्स खुंटीला लावली. "टाकीखालची. बैठी. पत्र्याची."

"तुझं ऑफिस टाकीजवळ आहे?"

"पाणीपुरवठा खातं आहे हो. कुठं असणार?"

शहरातल्या तीन अनोळखी माणसांना मी प्रश्न विचारले होते. घरातल्या चौथ्या सूत्राला, तुझं ऑफिस कुठं आहे, एवढं विचारायचं सुचलं नव्हतं.

माफी मी त्या संध्याकाळी मागितली. थोरली म्हणाली, "ठीक आहे बाबा. पण ही शाळा दहावीपर्यंत हं." मुलं टाकीखालच्या शाळेत जाऊ लागली. कलम सात जागेवर होतं, त्यामुळे आम्ही टेकडीवरच राहिलो. रोज सकाळी मी स्कूटरच्या दोन खेपा करतो. पहिल्या खेपेला मुलं, दुसऱ्या खेपेला इंजिनियरबाई. पहिल्या खेपेला निघताना टेकडीच्या शाळेचा रखवालदार मला सलाम करतो. त्यात आदर किती आणि बाकी काय किती, हे मी शोधून काढलेलं नाही. शोध घेणं सध्या बंद आहे.

माझ्या जुन्या दैनिकाला मात्र मी कडक पत्र लिहून दुरुस्ती छापायला लावली. नवव्या पानावर, दोन ओळी. आठवड्याने टेकडीच्या शाळेवर नवा फलक लागला, 'वृत्तपत्रांनी दोनदा दखल घेतलेली शाळा'.

गेल्या महिन्यात थोरलीला तिच्या शाळेच्या भित्तिपत्रकाची बातमीदार केलं. तिने पहिली मुलाखत माझी घेतली. माझी छाती फुगली. मी तिला तासभर सांगितलं, बातमी म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, तीन संपादक का चुकले. दुसऱ्या दिवशी मुलांना सोडायला गेलो, तेव्हा मुद्दाम आत जाऊन (रखवालदाराला विचारून) ते भित्तिपत्रक वाचलं. माझा शब्दन् शब्द छापला होता, सुबक अक्षरात. ऊर भरून आला.

मग खालची टीप वाचली.

'वरील माहिती वडिलांनी दिली आहे. खातरजमा सुरू आहे.'